रात्री दहानंतर भांडे मागणाऱ्या रुग्णांच्या वतीने : एका पुनर्वसन रुग्णालयाच्या विश्वस्तांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, विश्वस्त मंडळ
आणि वैद्यकीय संचालक यांस,

सविनय नमस्कार.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात मी तुमच्या नवी मुंबईतील रुग्णालयात ६३ दिवस दाखल होते. दुसऱ्या मजल्यावरच्या स्त्रियांच्या वॉर्डात खिडकीकडून तिसरी खाट माझी होती. त्या वेळी माझ्या शेजारच्या खाटेवर असलेल्या बाई उपचारांच्या दुसऱ्या फेरीसाठी सध्या पुन्हा तिथेच दाखल आहेत. मागच्या आठवड्यात त्यांच्या सुनेने वॉर्डाच्या दारावर लावलेल्या एका सूचनेचा फोटो मला पाठवला. सूचना चार ओळींची आहे. मनुष्यबळाच्या कमतरतेमुळे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत, स्वतः उठू न शकणाऱ्या सर्व रुग्णांना डायपर लावले जाईल, या वेळेत बेडपॅन दिले जाणार नाही आणि डायपरचा खर्च रुग्णाच्या बिलात धरला जाईल, असे तीत लिहिले आहे. खाली कोणाचीही सही नाही. 'आदेशावरून' एवढाच शब्द आहे.

हा आदेश वाचून मला स्वस्थ बसवले नाही, म्हणून हे पत्र. रुग्णालयाचे नाव मी लिहिलेले नाही. तुम्हाला ते कळेलच. आणि ज्यांची आई, वडील, नवरा किंवा बायको आज ठाण्यात, नवी मुंबईत अशा कुठल्याही रुग्णालयात आहे, त्यांनी हे पत्र आपापल्या वॉर्डाशी ताडून पाहावे, अशी माझी इच्छा आहे.

मी कोण आणि माझा या आदेशाशी काय संबंध, हे आधी सांगते. ठाण्याच्या एका माध्यमिक शाळेत मी ३१ वर्षे मराठी शिकवले. निवृत्त होऊन वर्षही झाले नव्हते, तोच जूनमधल्या एका पहाटे मेंदूच्या डाव्या बाजूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचा गेली. डॉक्टर ज्याला वाचाघात म्हणतात, तो मला झाला होता. माझ्या बाबतीत त्याचा अर्थ असा, की समोरचा बोलतो ते मला जवळजवळ सगळे समजत होते. काय सांगायचे तेही मनात स्पष्ट होते. पण तोंडाशी यायचा तो शब्द भलताच असे, किंवा काहीच येत नसे. पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यवैद्यांनी अशा एका रुग्णाची नोंद १८६१ सालीच करून ठेवली आहे. त्या माणसाला 'टॅन' हा एकच उच्चार करता येत होता, तरी त्याला बोललेले समजत होते. बोलता न येणे म्हणजे न कळणे नव्हे, ही गोष्ट वैद्यकाला दीडशेहून अधिक वर्षांपासून ठाऊक आहे. तुमच्या वॉर्डात ती पोहोचलेली नव्हती, आणि माझ्या बहुतेक तक्रारींचे मूळ तिथेच आहे.

दाखल झाल्यावर दुसऱ्याच रात्रीची गोष्ट. मला लघवीला लागली होती. मला 'भांडं' म्हणायचे होते. तो शब्द मनात होता, मला जणू समोर दिसत होता. मी तोंड उघडले आणि बाहेर पडले ते 'खडू'. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा 'खडू'. दारापाशी उभ्या असलेल्या दोघींपैकी एक म्हणाली, "टीचरला खडू पाहिजे," आणि दोघी हसल्या. मी डाव्या हाताने खाटेची कड वाजवली. तोवर चादर ओली झाली होती. चादर बदलताना तीच म्हणाली, "अहो, सांगता येत नाही का?" मला येत नव्हते. त्यासाठीच तर मी तुमच्याकडे आले होते.

आधीच्या रुग्णालयात मला लघवीची नळी होती. तुमच्याकडे आल्यावर ती काढली आणि दिवसपाळीच्या सिस्टरांनी दर दोन तासांनी भांडे देऊन लघवीवरचा ताबा परत आणण्याचा सराव सुरू केला. त्या सिस्टरांचे माझ्यावर ऋण आहे. लागली आहे हे ओळखायचे, थोडे धरायचे, सांगायचे आणि भांडे येईपर्यंत थांबायचे, हे सगळे मला लहान मुलासारखे पुन्हा शिकावे लागले. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री चादर सकाळपर्यंत कोरडी राहिली. उजव्या पायाचा अंगठा पहिल्यांदा हलला त्या दिवसापेक्षा ती सकाळ मला अधिक स्पष्ट आठवते. खिडकीबाहेर पारसिकचा डोंगर पावसात बुडालेला होता आणि मी चादरीवरून डावा हात पुन्हा पुन्हा फिरवून पाहत होते.

तुमचा आदेश हेच हिरावून घेतो. दिवसा जो ताबा शिकवायचा, तो रात्री आठ तास विसरायला लावायचा, याला उपचार कसे म्हणावे? धरून ठेवण्याची सवय चोवीस तासांची असते. रात्री 'त्यातच करा' असे सांगितलेल्या माणसाच्या शरीराने सकाळी सहा वाजता वेगळे वागावे, ही अपेक्षाच चुकीची आहे. ओल्या डायपरात तासन् तास राहिलेली कातडी लाल होते, मऊ पडते, सोलवटते. जो रुग्ण स्वतः कूस बदलू शकत नाही, त्याला त्यातून पाठीवर आणि माकडहाडावर जखमा होण्याचा धोका वाढतो, आणि या जखमा भरायला महिने लागतात, हे मी तुम्हाला सांगावे असे नाही. शिवाय भांडे मिळणार नाही हे कळल्यावर रुग्ण काय करतात, तेही मी पाहिले आहे. संध्याकाळी पाच वाजल्यापासून ते पाणी पिणे सोडतात. शेजारच्या बाई आत्ता तेच करीत आहेत, असे त्यांच्या सुनेने कळवले आहे.

डायपरची गरज कोणालाच नसते, असे माझे म्हणणे नाही. ज्यांचा ताबा खरोखर गेलेला आहे त्यांना तो लागतो, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काहीही नाही. ज्याला लागले ते कळते, जो मागू शकतो, थांबू शकतो, त्याला माणसे कमी आहेत म्हणून कपड्यात करायला लावणे, ही माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार आहे.

दुसरी तक्रार बोलू न शकणाऱ्या रुग्णांशी होणाऱ्या वागणुकीची. तुमच्याकडच्या स्पीच थेरपिस्ट बाई उत्तम आहेत. आज मी जी वाक्ये बोलते ती त्यांच्यामुळे. त्यांनी एका सकाळी माझ्याकडून बे चा पाढा म्हणवून घेतला आणि तो बे दाहे वीसपर्यंत अडखळल्याशिवाय बाहेर पडला. मला रडू आले. ही बातमी वॉर्डात पसरली आणि त्या रात्री मी भांड्यासाठी धडपडत असताना मला ऐकवण्यात आले, "पाढे म्हणता येतात, मग भांडं मागायला काय होतं? नाटकं आहेत सगळी." पाठ केलेले पाढे, लहानपणचे श्लोक, वारांची नावे ओघाने बाहेर पडतात, मनातली गोष्ट सांगायला मात्र शब्द शोधून आणावा लागतो, आणि माझा तोच रस्ता बंद झाला होता. वाचाघात झालेल्या पुष्कळ रुग्णांचे असे होते. ही माहिती देण्यासाठी स्पीच थेरपिस्ट बाईंना रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांसमोर अर्धा तास उभे केले असते, तर मला खोटारडी ठरवले गेले नसते. एकाच इमारतीत तळमजल्यावर जे ज्ञान होते ते दोन जिने चढून वर आले नाही.

माझ्यासमोर माझ्याविषयी इतरांशी बोलले जात असे. यजमान रोज ठाण्याहून वाशी लोकलने संध्याकाळच्या भेटीच्या वेळेत येत. मोठे डॉक्टर माझ्या खाटेच्या पायथ्याशी उभे राहून त्यांना विचारत, "आजी जेवतात का? रात्री झोपतात का?" माझे वय तेव्हा ५९ होते. यजमान माझ्याकडे वळून, "सांग, जेवलीस का?" असे विचारीत आणि मी मान हलवीपर्यंत डॉक्टर पुढच्या खाटेपाशी गेलेले असत. होय आणि नाही यांसाठी मान हलवण्याइतका वेळ रुग्णाला द्यावा, इतकेच मी मागत होते. एरवी माझे नाव 'सतरा नंबर' होते. लाडाने बोलणाऱ्या 'बाळा' म्हणत. माझे नाव खाटेला अडकवलेल्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलेले होते.

तिसरी तक्रार अंगाच्या लाजेची आहे आणि ती लिहायला मला सर्वांत जड गेले. आंघोळ घालताना, भांडे देताना, कपडे बदलताना पडदा अर्धा उघडा राहत असे, कारण त्याच्या वरच्या कड्या तुटलेल्या होत्या. ६३ दिवसांत त्या बदलल्या गेल्या नाहीत. दोनदा बायकांपैकी कोणी हजर नव्हते म्हणून पुरुष कर्मचाऱ्याने माझे कपडे बदलले. तो मुलगा मान खाली घालून, घाईघाईने काम उरकून गेला. त्यालाही अवघडल्यासारखे झाले होते. मला कोणी विचारले नव्हते, त्यालाही नसावे. पुढे मी समांतर दांड्यांना धरून पहिल्यांदा उभी राहिले, त्या वेळचे चित्रीकरण तुमच्या प्रसिद्धीसाठी केले गेले आणि ते समाजमाध्यमांवर आले. माझ्या अंगात मागे नाड्यांनी बांधायचा रुग्णालयाचा झगा होता. तो व्हिडिओ माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी पाहिला आणि कौतुकाने मला पाठवला. परवानगीविषयी विचारले तेव्हा सांगण्यात आले, की दाखल करताना यजमानांनी ज्या कागदांवर सह्या केल्या त्यांत ती आहे. मी शुद्धीवर होते, मला समजत होते, आणि चित्र माझे होते.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगते. खाटेवरून खुर्चीत घेताना माझ्या लुळ्या हाताला धरून ओढत. पक्षाघाताच्या रुग्णाचा खांदा सैल पडलेला असतो आणि असे ओढल्याने तो निखळू शकतो, हे तुमचेच फिजिओथेरपिस्ट नातेवाइकांना शिकवतात. माझा खांदा आजही दुखतो. गिळायला त्रास असणाऱ्या रुग्णांना उभ्याने, घाईघाईने मोठे घास भरवले जात. घास श्वासनलिकेत गेला तर काय होते, ते तुम्ही जाणता.

हे सारे मनुष्यबळ कमी असल्यामुळे होते, असे तुम्ही म्हणाल, आणि त्यात तथ्य आहे. रात्री २२ रुग्णांमागे एक सिस्टर आणि एक मावशी असे. त्या दोघींना दोष देण्यासाठी मी हे पत्र लिहीत नाही. हसणाऱ्या त्या मुलीही बारा बारा तास उभ्या असत आणि त्यांना कोणी काही शिकवलेले नव्हते. पण त्याच टंचाईत काय करता येते, तेही मी अनुभवले आहे.

घणसोलीहून कामाला येणाऱ्या एक मावशी होत्या. ठेकेदाराकडच्या होत्या, शाळा फारशी शिकलेल्या नव्हत्या. माझे 'खडू' त्यांनी एकदाच ऐकले. त्या खुर्ची ओढून माझ्या तोंडासमोर बसल्या आणि एकेक वस्तू दाखवत गेल्या: तांब्या, चादर, पंख्याचे बटण, भांडे. भांड्यापाशी मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून एक स्टीलची वाटी आणि चमचा आणला आणि तो माझ्या डाव्या हाताशी ठेवला. एकदा वाजवले तर पाणी, दोनदा वाजवले तर भांडे, तीनदा वाजवले तर दुखते आहे. हे त्यांनी मला समजावले, मग सिस्टरांना सांगितले, आणि मग एका कागदावर मुलाकडून लिहवून आणून खाटेला चिकटवले. त्या रात्रीपासून माझ्यासाठी वेळ कमी लागू लागला, कारण कोणालाही अंदाज बांधत बसावे लागेना. मी घरी येण्याच्या दहा दिवस आधी ठेका बदलला आणि त्या मावशी यायच्या बंद झाल्या. वाटी-चमचा मी घरी आणला आहे. त्यांचा पत्ता मला कोणी दिला नाही. हे पत्र त्यांच्यापर्यंत पोहोचले, तर त्यांनी ती वाटी न्यायला यावे, किंवा माझ्याकडेच राहू द्यावी.

कायद्याविषयी दोनच गोष्टी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या अनुसूचीत वाचाघातामुळे आलेल्या कायमच्या वाणी व भाषा दिव्यांगत्वाचा नावानिशी उल्लेख आहे, आणि त्याच अधिनियमाचे कलम ३ दिव्यांग व्यक्तीच्या सन्मानाने जगण्याच्या हक्काबद्दल बोलते. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्णहक्क सनदेत खासगीपणा आणि मानवी प्रतिष्ठा हे हक्क आहेत, आणि पुरुष डॉक्टर तपासत असताना स्त्री रुग्णाजवळ दुसरी स्त्री हजर असण्याचा हक्कही आहे. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ साली सुधारणा झाली, तेव्हापासून रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे रुग्णालयांना बंधनकारक आहे. तुमच्याकडे ती बिलाच्या खिडकीशेजारी लावलेली आहे. चाकाच्या खुर्चीत बसून ती वाचता येत नाही, इतकी उंच.

आणखी एक सांगावेसे वाटते. आपल्या देशात रुग्णाला राहून पुनर्वसनाचे उपचार घेता येतील अशी सोय ज्यांनी प्रथम उभी केली, त्या डॉ. मेरी वर्गीस १९५४ साली मोटार अपघातात कमरेखाली अधू झाल्या होत्या. चाकाच्या खुर्चीत बसून त्यांनी शस्त्रक्रिया केल्या, आणि १९६६ साली वेल्लोरला ते केंद्र सुरू झाले. म्हणजे या कामाची सुरुवातच अशा बाईने केली, जिला दुसऱ्याच्या हाताने उचलले जाणे काय असते हे अंगाने ठाऊक होते. तुमच्या ज्या बैठकीत डायपरचा आदेश ठरला, त्या बैठकीत असा एकही माणूस असता तर तो आदेश निघाला नसता, असे मला वाटते.

माझ्या मागण्या अशा आहेत.

डायपरविषयीची सूचना तत्काळ मागे घ्यावी. ज्याला लघवी-शौचाची जाणीव आहे त्याला रात्रीही भांडे मिळावे. डायपर लावायचा तर त्याचे वैद्यकीय कारण केस-पेपरवर लिहावे आणि रुग्णाची संमती घ्यावी. या आदेशाखाली आजवर बिलात लावलेले डायपरचे पैसे परत करावेत.

रात्रपाळीला किती रुग्णांमागे किती माणसे आहेत हे वॉर्डाच्या दारावर रोज लिहावे. भांडे मागितल्यापासून मिळेपर्यंत किती वेळ लागतो याची नोंद एक महिना ठेवावी आणि त्या नोंदीवरून माणसे वाढवावीत. ठेका बदलला तरी रुग्णांना ओळखणारी माणसे एकदम काढू नयेत.

बोलू न शकणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या खाटेशी पहिल्याच दिवशी चित्रांचा फलक आणि घंटी असावी. फलकावरचे शब्द मराठीत आणि हिंदीत असावेत, कारण वॉर्डात दोन्ही भाषांचे रुग्ण आहेत. स्पीच थेरपिस्ट आणि फिजिओथेरपिस्ट यांनी ठेक्यावरच्या कर्मचाऱ्यांसह सर्वांना कामाच्या वेळेतच प्रशिक्षण द्यावे.

पडद्यांच्या कड्या बदलाव्यात. स्त्रियांच्या वॉर्डात अंगाची कामे स्त्रियांनीच करावीत. चित्रीकरणासाठी प्रत्येक वेळी रुग्णाला स्वतःला विचारावे, आणि माझे चित्रीकरण काढून टाकावे.

रुग्णाला नावाने हाक मारावी.

तक्रार निवारण समितीत किमान दोन माजी रुग्ण असावेत, त्यांपैकी एकाला बोलण्याची अडचण असावी. त्या कामाला मी विनामोबदला यायला तयार आहे. मला वाक्य पुरे करायला वेळ लागतो, तेवढा समितीला थांबावे लागेल.

हे पत्र मी डाव्या हाताने, रोज थोडे थोडे, अकरा दिवसांत लिहिले आहे. काही शब्द अजूनही अडतात. ते सापडेपर्यंत थांबले, यजमानांकडून भरून घेतले नाहीत. त्याची एक प्रत महानगरपालिकेच्या आरोग्य विभागाकडे दिली आहे. तुमचे लेखी उत्तर मला एक महिन्यात मिळावे. सूचना मात्र त्याआधी, आजच रात्री दहाच्या आत दारावरून उतरवावी. शेजारच्या बाईंनी आज संध्याकाळीही पाणी घेतलेले नाही.

आपली,
एक निवृत्त मराठी शिक्षिका,
पाचपाखाडी, ठाणे

(माझे नाव, पत्ता आणि केस-पेपरचा क्रमांक आपल्याकडे पाठवलेल्या प्रतीवर आहे.)